सिग्नलला काटा चढतो, हायवेला उतरतो

गाडी हीट होते अशी तक्रार ऐकली की चांगला मेकॅनिक आधी एकच विचारतो: कधी? सिग्नलला उभी असताना, की ८० ने पळताना? घाट चढताना, की सकाळी सुरू केल्यावर पाच मिनिटांत? निम्मं निदान या उत्तरातच असतं आणि त्यासाठी बॉनेटही उघडावं लागत नाही. हे काही न विचारता जो ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच मिटेल’ (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या गरम पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) म्हणतो, त्याच्याकडून किल्ली परत घ्यावी.

इथे धरलेली गाडी आपल्याकडची नेहमीचीच: १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, आडवं बसवलेलं इंजिन, पुढे रेडिएटर, म्हणजे इंजिनाची उष्णता हवेत टाकणारी जाळी, तिच्यामागे विजेवर चालणारा फॅन, तिच्यापुढे कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता टाकणारी दुसरी जाळी. तक्रारही नेहमीची. पुणे-सोलापूर हायवेला काही त्रास नाही, पण एप्रिल-मेच्या दुपारी एसी लावून जॅममध्ये दहा मिनिटं उभी राहिली की तापमानाचा काटा वर.

आधी थोडा हिशेब

जॅममध्ये इंजिनावर ताण येतो म्हणून ते तापतं, असं बहुतेकांना वाटतं. आकडे वेगळं सांगतात. एसी लावून उभी असलेली अशी गाडी तासाला साधारण १ लिटर पेट्रोल पिते. एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचं तेच. ढोबळमानाने तिचा तिसरा हिस्सा कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांत फिरणाऱ्या पाण्यात, उतरतो. म्हणजे झाले ३ किलोवॉट, बाथरूममधल्या एका इन्स्टंट गीझरइतके. तीच गाडी हायवेला ९० ने पळताना तासाला ५ लिटरच्या आसपास जाळते, म्हणजे पाच गीझर. पाच गीझरची उष्णता आरामात फेकणारा रेडिएटर एका गीझरला का हरतो? कारण ९० च्या वेगाला सेकंदाला २५ मीटर वारा समोरून जाळीवर येतो. उभ्या गाडीला फॅन ओढेल तेवढाच वारा.

आता उन्हाळा यात घाला. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंश आणि जानेवारीतली हवा २५ अंश, तर फरक ७० चा. मे महिन्यात अकोल्याला किंवा जळगावला ४५ अंश असतील तर फरक ५० वर येतो. त्यात एसी चालू असला की कंडेन्सर आपली उष्णता त्याच हवेत सोडतो आणि रेडिएटरपर्यंत हवा पोचते तीच दहा-पंधरा अंशांनी तापून. उरला ३५-४० चा फरक, म्हणजे जानेवारीच्या जवळपास निम्मा. थंडीत मंद झालेला फॅनही वेळ मारून नेतो, मेमध्ये तोच उघडा पडतो. एप्रिलमध्ये दिसलेला बिघाड म्हणूनच बऱ्याचदा आदल्या पावसाळ्यापासूनचा असतो.

यावरून शोधाची दिशा ठरते. उभी असताना तापते आणि पळताना निवते, तर दोष हवेच्या बाजूला: फॅन, त्याची वीज, जाळीत अडकलेली घाण. पळताना किंवा घाटात तापते आणि जॅममध्ये ठीक असते, तर दोष पाण्याच्या बाजूला: आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, कूलंट फिरवणारा वॉटर पंप. दोन्हीकडे तापते, तर कूलंट कमी आहे किंवा प्रकरण हेड गॅस्केटपर्यंत, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलपर्यंत, गेलंय. या नियमाला अपवाद आहेत, पण थोडे.

काटा खरं बोलतो का?

डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मुका ठेवलेला असतो. कूलंट ७५ अंशांवर असो की १०५ वर, काटा मधोमध, म्हणजे मालक विनाकारण घाबरू नये. तो हलताना दिसतो तोवर गोष्ट पुढे गेलेली असते. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही: थंड असताना निळा दिवा, उकळायला आल्यावर लाल, मधलं काही नाही.

म्हणून पहिली खरेदी पार्टची नको, गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या ब्लूटूथ ओबीडी डोंगलची करावी. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा, मोबाईलवर ॲप उघडायचं आणि कूलंटचं तापमान अंशात बघायचं. निरोगी गाडी मोकळ्या रस्त्यावर ८५ ते ९२ च्या दरम्यान राहते. जॅममध्ये ती ९६-९८ पर्यंत चढते, फॅन लागतो, ९१-९२ ला उतरते, फॅन बंद होतो, पुन्हा चढते. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसला की समजायचं सगळं ठीक. काही कंपन्या फॅन मुद्दाम १०० च्या पुढे लावतात, त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरू नये, दाते दिसतात का ते बघावं. फॅन चालू असूनही आकडा पायरीपायरीने चढतच गेला, ९८, १०१, १०४, तर हवा किंवा पाणी कमी पडतंय. १०८ ला एसी बंद. ११२-११५ ला गाडी बाजूला.

डोंगल एरर कोडही दाखवतो. पी०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापलं होतं. पी०४८० फॅनच्या सर्किटचा. पी०११७ आणि पी०११८ तापमान सेन्सरचे. पी०१२८ म्हणजे इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, आणि तो बहुधा थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या किंवा उघडा अडकलेल्या गाडीत मिळतो. तापणाऱ्या गाडीत पी०१२८ सापडला तर आधी कुणीतरी ‘उपाय’ करून गेलंय हे ओळखावं.

थंड गाडीची तपासणी

ही सकाळी, रात्रभर उभी असलेल्या गाडीवर करायची. रेडिएटर कॅप म्हणजे कुकरच्या शिट्टीचाच भाऊ. दाबही जवळपास तोच: कुकर १ बारला शिट्टी देतो, कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. गॅसवरून नुकत्याच उतरवलेल्या कुकरचं झाकण कुणी उघडत नाही, तसंच गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, हाताने दाबता आला आणि तो गार लागला, तरच.

कॅपचं रबर चिरलंय का, कडक झालंय का बघा. झाकणाची रिंग गेलेल्या कुकरात डाळ शिजत नाही. इथे कॅप दाब धरत नसली की कूलंट लवकर उकळतं. महाबळेश्वर १,३५० मीटरवर आहे, तिथे दाब नसलेलं पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं, म्हणजे फॅन लागण्याच्या सुमारास. कॅपच्या मधोमध एक छोटी उलटी झडप असते. इंजिन निवताना तिच्यातून बाजूच्या बाटलीत गेलेलं कूलंट परत आत ओढलं जातं. ती अडकली तर दोन खुणा दिसतात: सकाळी वरचा होज चपटा झालेला, आणि बाटली भरलेली पण रेडिएटर अर्धा रिकामा. दुसरी खूण फार फसवी. मालक रोज बाटलीची पातळी बघून समाधान मानतो आणि आत कूलंटच नसतं. ज्या गाड्यांत रेडिएटरवर स्वतंत्र कॅप आहे त्यांत बाटलीवर विश्वास न ठेवता कॅप उघडून बघावं. कूलंट तोंडापर्यंत हवं. ज्यांत दाबाची टाकीच आहे, कॅप तिच्यावरच, तिथे मिन आणि मॅक्सच्या मधली पातळी पुरेशी.

कूलंट गंजासारखं तांबूस आहे का, वर तेलाचा तवंग आहे का, हे बघून घ्या. मग होजची टोकं, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा आणि ॲल्युमिनियमचा सांधा, वॉटर पंपाखालची जागा. कूलंट गळून वाळलं की मागे पांढरट किंवा हिरवा-गुलाबी डाग राहतो. वॉटर पंपाला, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात, खाली एक बारीक भोक असतं. सील गेलं की तिथून थेंब येतो. ते भोक एमसीलने बुजवणारे महाभाग आहेत. भोक बुजलं की तेच पाणी बेअरिंगमध्ये जातं.

फॅन: इथे वेळ घालवा

जॅममध्ये तापणाऱ्या गाडीत सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो, आणि ‘फॅन चालू आहे’ हे उत्तर पुरत नाही. तो किती जोराने चालतो, कधी लागतो, कुठल्या दिशेला फिरतो, ही सगळी उत्तरं हवीत.

इंजिन सुरू करा, एसी लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत कॉम्प्रेसर लागताच किंवा थोड्याच वेळात फॅन फिरायला लागतो. आता एसी बंद करून गाडी उभ्या जागी तापू द्या आणि डोंगलवर बघत राहा. एसीवर फॅन लागतो पण इंजिन चांगलं तापलं तरी तापमानावर लागत नाही, असं असेल तर मोटर बरी आहे. दोष सेन्सरकडे, किंवा सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा अडकलाय. खात्रीसाठी इंजिन चालू असताना कूलंट सेन्सरचं कनेक्टर काढा. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर घाबरून फॅन पूर्ण जोरात लावतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, नंतर कोड पुसता येतो. मल्टिमीटर असेल तर सेन्सरचा रोध मोजा: २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम, ८० ला ३०० ओहमच्या आसपास. ८० ला हजार ओहम दाखवणारा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतोय की इंजिन कोमट आहे.

एसीवरही नाही आणि तापमानावरही नाही, तर फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), मोटर, याच क्रमाने. बॉनेटखालच्या बॉक्समध्ये बहुधा ३० अँपिअरचा फ्यूज असतो. रिले तपासायची सोपी युक्ती म्हणजे त्याच बॉक्समधला तसाच, त्याच नंबरचा दुसरा रिले, समजा हॉर्नचा, तिथे बसवून बघणं. मग मोटर. तिचं कनेक्टर काढून बॅटरीवरून मध्ये फ्यूज टाकलेल्या वायरने थेट १२ व्होल्ट द्या. फिरली नाही, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरली की निदान झालं: आतले कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश, झिजलेत. झिजलेला कार्बन त्या फिरत्या भागाला टेकतो-न टेकतो अशा अवस्थेत असतो. खड्ड्यातून गेलं की टेकतो, फॅन लागतो, सिग्नलला बसतो. अशी गाडी गॅरेजला नेल्यावर हमखास नीट चालते आणि मालक खोटा पडतो.

आता अवघड दोष: फॅन फिरतो, पण मंद. नुसत्या नजरेला कळत नाही. फॅन चालू असताना मोटरच्या कनेक्टरवरच व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.२ असतात, मोटरपाशी १३ च्या वर मिळायला हवेत. ११ मिळाले तर मधले तीन व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगच्या वायरीत किंवा जळक्या रिले-सॉकेटमध्ये मुरतायत. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी झालेलं किंवा वितळलेलं दिसेल. व्होल्टेज पूर्ण आणि तरी मंद, तर मोटरच थकलीय. दोन वेगांच्या फॅनमध्ये मंद वेगासाठी एक रेझिस्टर असतो. तो जळाला की पहिला वेग गायब होतो. फॅन एकदम १०४-१०५ ला विमानासारखा घोंगावत लागतो. आवाज ऐकून लोक म्हणतात फॅन मस्त आहे. त्याआधीचे सहा-सात अंश गाडी विनाफॅन तापत होती.

दिशाही बघा. मोटर बदलताना वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या तर फॅन उलटा फिरतो आणि इंजिनाची गरम हवा पुढे ढकलतो. हायवेला ते जाणवत नाही, उभ्या गाडीला मात्र तो फॅन नसल्यापेक्षा वाईट. पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचं अर्धं पान धरा. ते जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. फडफडलं आणि पडलं तर फॅन कमजोर. ढकललं गेलं तर उलटा.

‘फॅन डायरेक्ट करून देतो’ हा आपल्याकडचा आवडता इलाज. इग्निशनवरून वायर ओढायची, फॅन कायम चालू. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यासाठी ठीक आहे. कायमचा ठेवला तर मोटर लवकर झिजते, मूळ दोष झाकला जातो, आणि वायर रिलेशिवाय साध्या स्विचमधून नेली असेल तर दहा-पंधरा अँपिअरचा करंट तो स्विच वितळवतो.

मोठ्या डिझेल गाड्यांत, उभं इंजिन आणि फॅन थेट इंजिनाच्या पुढे असेल तिथे, फॅनला इंजिनाशी जोडणारा व्हिस्कस क्लच असतो. इंजिन चांगलं तापवून बंद करा आणि पाती हाताने फिरवून सोडा. जड लागून लगेच थांबली पाहिजेत. दोन-तीन गिरक्या सहज घेतल्या तर क्लचमधलं सिलिकॉन तेल गेलंय.

दोन जाळ्यांमधला नमदा

फॅन निर्दोष असूनही कागद चिकटत नसेल तर हवेची वाट बंद आहे. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून सर्विसिंगला कुणी पुढे बघत नाही. घाण असते कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. धूळ, किडे, पावसाळ्यातला चिखल, खेड्याकडची गाडी असेल तर कापसाचे तंतू आणि भुसा, हे सगळं मिळून तिथे नमद्यासारखा थर बसतो. वरचे दोन ब्रॅकेट सोडून रेडिएटर थोडा मागे झुकवला आणि टॉर्च मारला की दिसतो.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने बाहेर जाते. प्रेशर वॉशरची तोटी जवळ नेली तर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि धुण्याआधीपेक्षा हवा कमी जाते. बागेच्या नळीचा दाब पुरतो. चिकट घाणीवर साबणाचं पाणी दहा मिनिटं ठेवावं.

पुढचा अपघात झालेल्या गाडीत आणखी एक गोष्ट हटकून हरवलेली असते: रेडिएटरच्या कडेचे फोम आणि रबराचे पट्टे, फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं. हे शोभेचे नाहीत. ते नसले की फॅन जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूच्या फटीतून इंजिनाचीच गरम हवा पुन्हापुन्हा ओढत बसतो. बंपर नवा, रंग चकचकीत, पण पाचशे रुपयांचा फोम बसवायचा राहिलेला.

पाण्याची बाजू

इन्फ्रारेड थर्मामीटर इथे कामाचा. चमकत्या ॲल्युमिनियमवर तो खोटा, कमी आकडा दाखवतो, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. इंजिन पूर्ण तापून फॅन एकदा लागून गेला की वरचा होज ९० च्या आसपास आणि खालचा त्याहून दहा-एक अंश कमी असायला हवा. वरचा पोळतोय आणि खालचा जेमतेम कोमट, तर कूलंट फिरत नाहीये: थर्मोस्टॅट बंद अडकलाय, पंप ढकलत नाही, किंवा रेडिएटर आतून बुजलाय. मग रेडिएटरवर आडव्या-उभ्या ओळीत आकडे घ्या. मधेच हाताएवढा भाग पंधरा-वीस अंशांनी थंड सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. बोअरचं पाणी घातलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. गीझरच्या कॉइलवर बसतो तो पांढरा थर इथे नळीच्या आत बसतो.

थर्मोस्टॅट तपासायला पातेलं पुरे. त्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुधा ८२ किंवा ८८. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडायला लागते आणि साधारण १२ अंश पुढे पूर्ण उघडते, सात-आठ मिलिमीटर. अर्धीच उघडली तर फेकून द्या. नवा बसवताना बारीक हलती पिन असेल ती वरच्या बाजूला, तिथून अडकलेली हवा निघते.

तो काढून टाकण्याबद्दल. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंड राहतं, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, तेलात पाणी साचतं. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची तबकडी बायपासची वाट बंद करते. तबकडी गेली की गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परत जातं आणि गाडी घाटात आधीपेक्षा जास्त तापते. खंबाटकी किंवा कसारा चढताना हे लक्षात येतं, तोवर मेकॅनिक मागे राहिलेला असतो.

सीएनजी गाड्यांचं एक वेगळं. २०० बारचा गॅस प्रसरण पावताना प्रचंड थंड होतो, म्हणून रिड्यूसरला, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाला, हीटरच्या लाइनमधून कूलंट दिलेलं असतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये त्या टी-जॉइंटच्या क्लिपा ढिल्या होऊन थेंबथेंब गळतात आणि हवा आत शिरते. गाडी गरम होतेय आणि त्याच वेळी रिड्यूसरवर दव किंवा बर्फ धरतोय, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर कूलंट कमी आहे किंवा एअर लॉक झालाय, म्हणजे अडकलेल्या हवेने कूलंटची वाट बंद केलीय.

हेड गॅस्केटचा संशय

हा सगळ्यात शेवटी, कारण यात हेड उघडावं लागतं. पण खुणा असतील तर उशीरही नको. थंड गाडी सुरू करून दोन मिनिटांत, कूलंट अजून कोमट असताना, वरचा होज दगडासारखा टणक झाला तर ज्वलनाचा दाब कूलंटमध्ये घुसतोय. टाकीत सतत बुडबुडे, ऑइल कॅपखाली कॉफीच्या फेसासारखा थर, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. थंडीतल्या सकाळी थोडा पांढरा धूर आणि कॅपखाली किंचित फेस निरोगी गाडीतही दिसतो, त्यावरून हेड उतरवू नका.

खात्रीची चाचणी निळ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावर नळी ठेवून आतली हवा पंपाने त्या द्रवातून ओढायची. ज्वलनाचा वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळ्याचा पिवळा होतो. कूलंटची पातळी आधी थोडी उतरवून घ्यावी, द्रवात कूलंट गेलं तर चाचणी वाया. सोबत प्रेशर टेस्ट: कॅपवर छापलाय तेवढा दाब हातपंपाने द्यायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. दाब उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर कूलंट आत जातंय. हेड उघडलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका. सरळपट्टी लावून हेड वाकलंय का बघायचं आणि वाकलं असेल तर फेसिंग करायचं, म्हणजे ते मशीनवर घासून सपाट करायचं.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद. काचा खाली. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात: हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच. मेमध्ये हे जिवावर येतं, पण तीन-चार अंश नक्की उतरतात. उभे असाल तर न्यूट्रलमध्ये इंजिन १,५०० आरपीएमच्या आसपास फिरवत ठेवा, पंप जोरात फिरतो. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला की यातलं काहीच करत बसायचं नाही: कडेला घ्या, इंजिन बंद. किल्ली ऑनवर ठेवून फॅन चालत असेल तर चालू द्या.

चढलेला काटा अचानक खाली आला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर हायसं वाटून पुढे निघू नका. कूलंट संपलंय, सेन्सर हवेत लोंबकळतोय आणि हेड आत भाजतंय.

पाऊण तास थांबा. इंजिनावर पाणी ओतू नका. तापलेल्या ॲल्युमिनियमला तडा जातो. गार झाल्यावर कॅपवर जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग उघडा. तहानेची बिसलेरी घातली तरी चालते, गाडी घरी पोचणं महत्त्वाचं.

भरताना

‘उन्हाळ्यात कूलंट कशाला, पाणी जास्त थंड करतं’ यात थोडं तथ्य आहे. शुद्ध पाणी लिटरमागे कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. पण ते गंज थांबवत नाही, पंपाचं सील जपत नाही आणि लवकर उकळतं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं. तयार मिश्रणाच्या डब्यात मात्र पाणी घालायचं नाही, लेबल वाचा.

अशा गाडीत एकूण साधारण ४ ते ५ लिटर मावतं, पण रेडिएटरखालचा ड्रेन उघडला की अडीच-तीनच बाहेर येतं. बाकी इंजिनात राहतं. पाण्याने फ्लश करून वर अर्धं-अर्धं मिश्रण भरलं तर इंजिनात उरलेल्या पाण्यामुळे ते पातळ होतं. फ्लशनंतर आधी एकूण मापाच्या निम्मं शुद्ध कूलंट ओतायचं, मग पाण्याने भरायचं. रंगावरून जोडी लावू नका. हिरवं सगळं सारखं नसतं, आणि दोन वेगळ्या रसायनांचं मिश्रण आत गाळासारखं घट्ट होऊ शकतं.

मग हवा काढणं. गाडीचं नाक चढावर, हीटर गरमवर, कॅप उघडी. सावकाश ओता, दोन्ही होज हाताने दाबत राहा, गुळगुळ आवाज करत बुडबुडे निघतील. मग इंजिन सुरू करा. खालचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी झपकन उतरेल. पुन्हा भरा आणि बुडबुडे थांबले की कॅप लावा.

दुरुस्तीची परीक्षा सकाळच्या गारव्यात घेऊ नका. भर दुपारी, एसी पूर्ण, डोंगल लावलेला, गाडी उभी, वीस मिनिटं. फॅन किमान तीनदा लागून बंद झाला पाहिजे, किंवा एसीमुळे कायम चालू असेल तर आकडा दोन-तीन अंशांत खेळत राहिला पाहिजे. रात्रभर गाडी तशीच ठेवा. सकाळी कॅप उघडा, पातळी तोंडाशी आहे का बघा, आणि खाली फरशीवर अंथरलेलं वर्तमानपत्र उचलून कुठे डाग पडलाय का ते उजेडात धरा.